मजुरीचा पंचनामा होत नाही : नागपूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतून

नागपूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सोलापूरकडच्या माणसाला हा आकडा सांगितला की तो विचारतो, मग तुमचं दुखणं काय? त्या दुखण्याचा माग काढायलाच २०२५ च्या डिसेंबरात आम्ही काही जण नागपूरला गेलो होतो. कोरडवाहू शेतीवर जगणारं घर वाईट वर्षात किती तग धरू शकतं, हे मोजण्याची एक प्रश्नावली आम्ही तयार करतो आहोत. ती छापायला देण्याआधी गावात, ओसरीवर बसून पारखून घ्यायची होती. माझं माहेर वर्ध्याचं, त्यामुळे वावर (शेत), पऱ्हाटी (कपाशीची झाडं), धुरा (बांध) हे शब्द मला नवे नाहीत. पुण्यात राहून त्यांची सवय मात्र मोडली होती.

गावांची नावं मुद्दाम लिहीत नाही. लोकांनी कर्जाचे आकडे आणि घरातली दुखणी विश्वासानं सांगितली आहेत. तालुके मात्र खरे आहेत.

सोमवार, नागपूर

रात्रीच्या गाडीनं सकाळी पोचलो. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं भरतं आणि त्या दिवसांत बर्डीपासून वर्धा रोडपर्यंत खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दुप्पट भावानं. डिसेंबरात जाणार असाल तर अधिवेशनाच्या तारखा आधी बघा. आम्ही ते उरकल्यावर गेलो, म्हणून स्टेशनपासून जवळच स्वस्तात सोय झाली. गारठा चांगलाच होता. तर्री पोह्यांच्या टपरीवर पहिली प्लेट संपेपर्यंत कानटोपी काढवली नाही.

मातीबद्दल विचारायला नागपूरइतकं सोयीचं शहर दुसरं नसेल. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो इथं आहे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथं आहे, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्थाही इथंच, आणि कृषी महाविद्यालय तर १९०६ पासूनचं. आमची गाठ ठरली होती एका निवृत्त मृदाशास्त्रज्ञ काकांशी. त्यांनी चहा येण्याआधीच कागदावर एक टेकडी काढली. माथ्यावर बरड, म्हणजे मुरमावर वीतभर माती. उतारावर मध्यम. नाल्याकाठी भारी काळी, कमरेएवढी खोल. सगळी एकाच बेसाल्ट खडकाची लेकरं, पण पाणी धरून ठेवायची ताकद अगदी वेगळी. खोल काळ्या जमिनीतलं पीक पाऊस थांबल्यावरही साठलेल्या ओलीवर दिवस काढतं. बरडीवरचं सोयाबीन पंधरवड्यात माना टाकतं.

"ढगातून किती पडलं ते सगळेच मोजतात," काका म्हणाले. "मुळाशी किती उरलं ते मोजा. आणि दोन पावसांच्या मधे किती दिवस सुटले ते मोजा."

संध्याकाळी खोलीवर आमचं आमच्यात बोलणं झालं ते पद्धतीबद्दल. उपजीविकेची धोकाप्रवणता साधारण तीन अंगांनी बघतात: संकट किती अंगावर येतं, आल्यावर किती लागतं, आणि लागल्यावर सावरायला घरात काय आहे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २००१ आणि २००७ च्या अहवालांनी ही मांडणी रूढ केली. २०१४ च्या अहवालानं 'अंगावर येणं' वेगळं काढून धोक्याचं गणित नव्यानं मांडलं. त्याच नव्या मांडणीनं हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं २०१९ साली देशातले ५७३ ग्रामीण जिल्हे तपासले आणि त्यातले ३१० जास्त किंवा अतिजास्त धोक्याचे ठरवले. निधी आधी कुठल्या जिल्ह्याकडे वळवायचा हे ठरवायला असा नकाशा लागतोच. पण एका जिल्ह्यात नरखेडची संत्री आणि कुहीचा धान दोन्ही येतात, आणि एका गावात काकांच्या कागदावरची अख्खी टेकडी येते.

घरोघर जाऊन मोजण्याच्या पद्धतीही आहेत. २००९ साली मोझांबिकच्या दोन जिल्ह्यांतल्या अभ्यासातून एक निर्देशांक निघाला: घरची माणसं, कमाईच्या वाटा, नातीगोती, आरोग्य, अन्न, पाणी आणि आपत्ती अशी सात अंगं. त्याहून कितीतरी आधी, १९७५ पासून, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू पीक संशोधन संस्थेचे लोक अकोला जिल्ह्यातल्या कंझऱ्यात आणि सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापुरात त्याच त्याच घरांच्या हिशोबाच्या नोंदी ठेवत होते. मला ही दुसरी चिवट रीत जास्त पटते. एका भेटीत माणूस तुम्हाला त्या वर्षाचं सांगतो. वाईट वर्ष त्यानं कसं काढलं हे कळायला वाईट वर्षही तिथं असावं लागतं.

मंगळवार, काटोल-नरखेड

काटोल रोडनं निघालं की तासाभरात रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याचे बगीचे लागतात. आंबिया बहाराची तोड चालू होती. झाडाखाली फळांचे ढीग, त्याभोवती निवड करणाऱ्या बाया, आणि सगळ्या हवेला सालीचा वास. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेलं नागपुरी संत्रं ते हेच.

बाहेरून बघणाऱ्याला हा भाग सुखवस्तू वाटतो. ओलीत (पाण्याखालची जमीन) आहे, बाग आहे, पक्की घरं आहेत. एका बागेच्या काकाजींनी आम्हाला थेट बोअरपाशी नेलं.

"हे पायलं का? साडेसहाशे फूट. याच्याआधी दोन मारले, दोन्ही फेल. माह्या बापानं इहिरीवर बगीचा लावला होता, मोट चाले."

शेजारच्या वरुड-मोर्शीपासून इकडं नरखेडपर्यंत भूजलाचा उपसा भरणीपेक्षा फार पुढं गेला आहे. आणि संत्र्याचं झाड एका हंगामाचं नसतं. सोयाबीन गेलं तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा पेरता येतं; बाग वाळली तर नव्या झाडाला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये टँकरनं झाडं जगवणारी माणसं या भागात भेटतात. पाणी कमी पडलं तर झळ, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस लागून राहिला तर फळगळ आणि डिंक्या. बागायतदाराची जोखीम कोरडवाहूपेक्षा कमी, असं आमच्या जुन्या रकान्यांवरून निघालं असतं. काकाजींच्या हिशोबात त्यांची जोखीम मोठी होती, फक्त ती उशिरा दिसते.

भावाचं तर हवामानाशी काही देणंघेणंच नाही. नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश होतं. त्यांनी आयात शुल्क वर्षागणिक वाढवत नेलं आणि इथल्या बागांचे झाडावरचे सौदे उतरले. ढाक्यात बसून कोणी शुल्क वाढवतं आणि नरखेडात पोरीचं लग्न एक वर्ष पुढं जातं.

जेवण काकाजींकडंच झालं. तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकर, सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, चटणी आणि शेवटी सोललेली संत्री, मागाल तितकी. सोल्यांची भाजी विदर्भात हिवाळ्यातच खावी. हळद-तिखटापलीकडे त्यात फारसं काही पडत नाही, आणि तरी ताट सोडवत नाही.

या बाजूला फिरायचं तर काटोलपर्यंत एसटी मुबलक आहे, पुढं गावांत जायला मात्र मोटरसायकल किंवा भाड्याची गाडी लागते. तोडीच्या दिवसांत बागायतदार दुपारी व्यापाऱ्यांत गुंतलेले असतात. सकाळी नऊच्या आत गाठा.

बुधवार, हिंगण्याच्या पलीकडं

या गावासाठीच खरं तर आलो होतो. कपाशी, सोयाबीन, तूर. ओलीत थोडं, बाकी सगळं आभाळाच्या भरवशावर. मुक्काम एका अंगणवाडी सेविका ताईंच्या घरी.

ताईंनी पहिल्यांदा नेलं ते गावाबाहेरच्या एका धुऱ्यावर. "इथं उभ्या राहा, मॅडम. या अंगाचं वावर एकाचं, त्या अंगाचं दुसऱ्याचं. दोघंबी पाच-पाच एकरवाले. तुमच्या कागदात सारखेच दिसन."

डावीकडची जमीन भारी. डिसेंबरातही तिच्यात तळहात मावेल एवढ्या भेगा पडायला नुकती सुरुवात झाली होती, तूर डोक्याएवढी उभी, शेंगांनी वाकलेली. उजवीकडं बरड. पऱ्हाटी गुडघ्याच्या थोडी वर, बोंडं मोजून घ्यावीत इतकी, आणि चाललं की पायाखाली मुरूम वाजतो. जमिनीवरून कौल द्यायचा तर उजवीकडचं घर आधी कोसळेल.

दोन्ही घरांत बसलो. भारी जमिनीच्या भाऊंनी तीन वर्षांपूर्वी आणखी आठ एकर मक्त्यानं, म्हणजे भाड्यानं कसायला, घेतली. मक्ता आगाऊ द्यावा लागतो. तो दिला मायक्रोफायनान्सच्या कर्जातून, बायकोच्या नावावर, आठवड्याच्या हप्त्यानं. २०२३ च्या ऑगस्टात सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग आला.

"आठ दिवसांत वावर हळदीवानी पिवळं पडलं जी. शेंगा भरल्याच नाई. मालकाचा मक्ता तं गेलाच, अन् नुकसानीचे पैसे आले ते बी मालकाच्याच खात्यात. सातबारा त्याचा ना!"

त्या हप्त्यांसाठी दुसरं कर्ज काढलं, दुसऱ्यासाठी तिसरं. आता बायकोचं मंगळसूत्र सोनाराकडं आहे आणि या वर्षीची तूर उभी असतानाच बोलून टाकली आहे. वावर सोन्यासारखं आणि घर पार वाकलेलं.

बरडीवाल्या घरात वेगळंच चित्र. थोरला मुलगा बुटीबोरीच्या एमआयडीसीत, महिन्याला पगार. वहिनी बचत गटात, दोन गाई, गावातल्या संकलन केंद्रावर दूध. बोंडअळीनं २०१७ साली त्यांची पऱ्हाटी साफ झाली होती; त्या वर्षी दुधानं चूल चालवली. "वावर आमाले पोसत नाई, आमीच वावराले पोसतो," वहिनी म्हणाल्या, आणि त्यात तक्रारीचा सूर नव्हता. मुलाची नोकरी कंत्राटी आहे, हे त्यांनी आपणहून सांगितलं. ती सुटली तर काय, याचं उत्तर त्यांच्याकडं नव्हतं.

तिसरं घर ताईंनी रात्री दाखवलं. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. कसा गेला ते त्यांनी सांगितलं, मी इथं लिहीत नाही. शेतकरी आत्महत्येनंतर पात्र ठरलेल्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत मिळते; यांचं प्रकरण अपात्र ठरलं, कारण सातबारा सासऱ्यांच्या नावावर. त्याच कारणानं पीककर्ज नाही, पीक विमा नाही. रात्रंदिवस वावरात राबणारी बाई सरकारी कागदावर शेतकरीच नाही. मोझांबिकच्या सात अंगांत यासाठी नेमका रकाना सापडत नाही. आमच्या प्रश्नावलीत तो असलाच पाहिजे, हे त्या ओट्यावरच पक्कं झालं.

झोपायला अकरा वाजले. गावातली निम्मी पुरुषमाणसं तेव्हा बॅटऱ्या घेऊन वावरात निघाली होती, जागलीला. रानडुकरं आणि रोह्यांचे (नीलगाईंचे) कळप एका रात्रीत चना लोळवतात. ज्यांचं ओलीत आहे त्यांच्या मोटारपंपाची लाइन या आठवड्यात रात्रीची. थंडीत, अंधारात, सापविंचवात पाणी देणं हीसुद्धा जोखीमच, आणि ती माणसाच्या जिवाशी आहे.

गुरुवार, तेच गाव

सकाळी आभाळ भरून आलं. अंदाजात नव्हतं. नऊच्या सुमारास थेंब सुरू झाले आणि गावभर एकच पळापळ. ओसरीवर, ताडपत्रीखाली, देवळाच्या सभामंडपात कापसाचे गंज हलवले गेले. आम्हीही गाठोडी उचलली. भिजलेल्या कापसाची प्रत जाते आणि ओलावा १२ टक्क्यांवर गेला की भारतीय कापूस महामंडळ हमीभावानं घेत नाही. २०२५-२६ च्या त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. खेडा खरेदीचा व्यापारी दारात येऊन सात हजारांच्या आतबाहेर देतो, रोख देतो, ओलं-सुकं फारसं बघत नाही. ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ होतं, त्याचाही राग लोकांच्या बोलण्यात पदोपदी होता. ज्याला थांबता येतं तो ८,११० च्या रांगेत उभा राहतो. ज्याच्या दारात हप्त्याचा माणूस उभा आहे तो सातला देऊन मोकळा होतो. तेव्हा ओलावा किती यापेक्षा घरात रोख किती, यावर भाव ठरतो.

पावसामुळे वेचणी बंद, म्हणून मजूर बाया घरी होत्या. एरवी सकाळी आठला ऑटोत कोंबून गेलेल्या या बाया संध्याकाळी सहानंतरच दिसतात. ताईंनी समाजमंदिरात सगळ्यांना बोलावलं. आम्ही जमिनीवर खडूनं बारा महिन्यांचे चौकोन काढले आणि मूठमूठ तुरीचे दाणे दिले. ज्या महिन्यात जितकं काम, तितके दाणे.

जून-जुलैत पेरणी, निंदण: दाणे भरपूर. ऑगस्टात निंदणाचे थोडे; तणनाशक आल्यापासून तेही कमी. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, पण आता हार्वेस्टर येतो. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी वेचणी: चौकोनात दाणे मावेनात. उलंगवाडी झाली, म्हणजे वेचणी संपली, की मार्चपासून मेपर्यंतचे चौकोन जवळपास रिकामे.

मग एक मावशी पुढं आल्या. वेचणीच्या तीन चौकोनांतून त्यांनी ओंजळभर दाणे काढून बाजूला टाकले. "हे बोंडअळीच्या वर्साचं. बोंडच नाई तं येचाचं काय? किलोमागं दहा रुपये भेटते आमाले. कास्तकाराच्या वावराचा पंचनामा होते. आमच्या मजुरीचा कोन करते?"

मी या सगळ्या प्रवासात ऐकलेलं सगळ्यात नेमकं वाक्य हे. पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं तर आपत्ती निधीतून कोरडवाहू हेक्टरला ८,५०० रुपयांचा निकष तेव्हा होता. तलाठी येतो, फोटो निघतात, याद्या लागतात. पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या आत आली की काही सवलती लागू होतात. हे सगळं जमिनीला चिकटलेलं आहे. बिनजमिनीच्या बाईचे हंगामातले चाळीस-पन्नास दिवस बुडाले तर ते कुठल्याच कागदावर उतरत नाहीत. जिल्ह्याचा नकाशा पिकांच्या उत्पादकतेवरून रंगवला तर गावातलं सगळ्यात कच्चं घर त्यातून सुटतं. १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली आणि १९७७ साली कायद्यात आलेली रोजगार हमी याच रिकाम्या चौकोनांसाठी होती. इथं मार्च ते मे कामं मागितली तर मिळतात का, हे विचारल्यावर बायांनी एकमेकींकडं पाहिलं. कधी निघतात, पैसे उशिरा येतात, मग हप्ता कोण भरणार.

शेवटी कशाची भीती जास्त, यावर दाणे ठेवायला सांगितले. आम्हाला वाटलं होतं पाऊस वर येईल. सगळ्यात मोठा ढीग पडला तो दवाखान्यावर. त्याखालोखाल हप्ता, मग कामाचे दिवस, मग रानडुक्कर. पाऊस पाचवा.

गावात अशा कामाला जाणाऱ्यांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. बायांशी बोलायचं तर वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतरच जा, आणि स्वयंपाकाच्या आड येऊ नका. उत्पन्न थेट विचारू नका. खर्चापासून सुरुवात केली की घराचा हिशोब आपोआप उलगडतो. पावसाचे आकडे महावेध या हवामान केंद्रांच्या जाळ्यावरून मिळतात, पण ते महसूल मंडळाचे असतात. शेजारच्या गावात पडून या गावाला कोरडं ठेवणारा पाऊस त्यात दिसत नाही. त्यासाठी गावातल्याच एखाद्या मास्तरांना साधं पर्जन्यमापक द्या.

दुपारनंतर उघडलं. रात्री ताईंकडं गोळाभात, वर चुरचुरीत फोडणीचं तेल.

शुक्रवार, कुही-भिवापूर

जिल्ह्याची पूर्वेची बाजू म्हणजे दुसराच मुलूख. कपाशी विरळ होत जाते, धानाच्या बांध्या (भातखाचरं) सुरू होतात आणि दर दोन-चार गावांमागं एक मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातला गावतलाव. वर तलाव, खाली बांध्या, अशी जुनी बैठक. काही तलाव गाळानं भरलेत, तरी ज्या गावाचा तलाव शाबूत आहे तिथं पावसात खंड पडला तरी लोक घाबरे होत नाहीत.

एका बांधीत धान कापलेला आणि खुंटांमधून हिरवीगार लाखोरी (लाखेची डाळ) वर आलेली. उभ्या धानातच बी फेकायचं, कापणीनंतर उरलेल्या ओलीवर पीक घ्यायचं. याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही, खत नाही. तज्ज्ञ ज्याला जुळवून घेण्याची क्षमता म्हणतात, ती इथं पिढ्यान्‌पिढ्या बांधीत उगवते आहे. दुपारी त्याच कोवळ्या पाल्याची भाजी आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा खाल्ला. ही मिरची रंगानं गर्द लाल, मानांकन मिळालेली. पण गावरान वाण लावणारे कमी उरलेत, असं आजोबा सांगत होते. संकरित मिरची जास्त पिकते.

पुढं वैनगंगेकडं गोसेखुर्द धरणाचं बुडीत क्षेत्र. १९८८ साली भूमिपूजन झालेल्या या प्रकल्पात कुही-भिवापूरकडची गावंही उठली. पुनर्वसित गावठाणात रस्ते सरळ, घरं ओळीत, आणि दारात बसलेली माणसं पुष्कळ. एक काका म्हणाले, "जमिनीचे पैसे आले, गाडी आली, गाडी जुनी झाली. आता काम पायतो." पाणी शेजारी अथांग पसरलेलं, पण नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून, पुढं कन्हानमधून याच जलाशयात येतं, आणि ढिवर मासेमारांना जाळ्यात त्याचा वास लागतो. दुष्काळ नसतानाही उपजीविका कशी उन्मळते, ते इथं दिसतं. त्यासाठी एकच दुपार होती, फार कमी.

अंभोऱ्याला पूल आणि संगम पाहायला जाणारे नागपूरकर बरेच असतात. वेळ असेल तर परतताना एखाद्या मालगुजारी तलावावर थांबा. हिवाळ्यात पाखरं भरपूर असतात.

शनिवार, नागपूर

सकाळी कळमन्याच्या बाजारात. संत्र्याचे ट्रक, मिरचीच्या पोत्यांनी नाकाला झिणझिण्या, सोयाबीनचे ढीग. सोयाबीनचा त्या हंगामातला हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, ढिगाऱ्यावरची बोली त्याच्या बरीच खाली. हिंगण्याकडच्या एका कास्तकाराला ओळखलं, बुधवारी भेटलेले. पोत्यांवर बसून डबा खात होते. बोलले नाहीत फार.

गाडी संध्याकाळची होती. दुपारभर बसून प्रश्नावली पुन्हा लिहिली. पावसाचे आणि पिकाचे रकाने आहेत तसे ठेवले, मातीची खोली शेतात फावडं घालून मोजायची असं ठरवलं. नवे रकाने आले: सातबारा कोणाच्या नावावर, मक्ता आगाऊ दिला का, आठवड्याचा हप्ता किती, गेल्या पाच वर्षांतलं दवाखान्याचं सगळ्यात मोठं बिल आणि ते कुठून भरलं. आणि बारा चौकोन, मजुरीच्या दिवसांचे, घरातल्या प्रत्येक बाईसाठी वेगळे.

निघताना अंगणवाडीच्या ताईंचा फोन आला. गावात चर्चा झाली होती. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत काय निघालं ते वाचून दाखवा, असं पुरुषमंडळींचं म्हणणं. बायांचं म्हणणं वेगळं: ग्रामसभेत आमाले बोलू देत नाईत, आदल्या दिवशी महिला सभा असते तिथं आधी वाचा, सातनंतर, आणि आकडे मराठीत लिहून भिंतीवर लावा. तसंच करायचं ठरलं आहे.